चिंधी बांधलेली पाटी

मला एक सवय आहे आणि ती माझी नाही. ऑफिसात कुणी नवं चिन्ह किंवा कसलं मुखपृष्ठ दाखवायला आणलं की मी ते भिंतीला टेकवून ठेवायला सांगतो, उठतो, पाठ फिरवून दारापर्यंत जातो आणि तिथून एकदम मान वळवून बघतो. नव्या मुलांना वाटतं, साहेबांची मान धरली आहे. एका मुलीने तर मला तिच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टचा नंबर आणून दिला. आता या मुलांना कुठून सांगू, की मान माझी असली तरी ते वळणं कमलाक्काचं आहे.

"बघायचं तर असं बघायचं," ती म्हणायची. "समोर उभं राहून बघितलं की चित्र तयारीत असतं. पाहुण्यांपुढं पोरं बसतात ना, तसं. पाठ फिरवली की ढिलं पडतं. तेव्हा पकडायचं त्याला."

दुसरा नियम याहून कडक होता. बघायचं ते एकदाच. चित्र येतंय की नाही, याचा फैसला त्या एका नजरेत. कुणी म्हटलं, अक्का, पुन्हा एकदा बघ ना, तर साफ नकार. "दुसऱ्यांदा बघितलं की माया येते रे. मग खरं दिसत नाही."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरहून बंगलोरला नोकरीला आलो होतो. आठवडाभर कंपनीत कुठल्याशा परदेशी विमा कंपनीचे प्रोग्राम दुरुस्त करायचे आणि शनिवार-रविवार कोरमंगलाला श्रीधरच्या खोलीवर जाऊन पडायचं, असा माझा संसार. श्रीधर म्हैसूरचा. डोकं तल्लख, अंघोळीचा कंटाळा. त्याच्या खोलीवर आम्ही पाच जण मिळून एक सॉफ्टवेअर लिहीत होतो. कन्नड, मराठी, तमिळ, ज्याला ज्या लिपीत लिहायचंय त्या लिपीत त्याला कॉम्प्युटरवर लिहिता यावं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. नाव ठेवलं होतं 'पाटी'. ते विकायचं नव्हतं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, उघडून आतलं बघावं, वाटलं तर बदलावं आणि पुढच्याला द्यावं. आज या प्रकाराला फार मान आहे. तेव्हा फोनवर घरी सांगितलं तर आईने एवढंच विचारलं, "मग सुट्टीच्या दिवशी जेवतोस तरी का?"

एकदा आम्हाला हँडबिल छापायचं होतं. स्वस्त छापखाना शोधत मी शिवाजीनगरला गेलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत लग्नपत्रिकांचा एक छापखाना होता. काउंटरवर नमुन्यांचे जाडजूड अल्बम. चंद्रकोर, क्रूस, कलश, सनई-चौघडे. सगळ्या जातिधर्मांची लग्नं एका कपाटात सुखाने नांदत होती. मी पानं चाळत होतो आणि एका पत्रिकेशी थांबून स्वतःशीच पुटपुटलो, "या केळी आहेत की नारळाची झाडं?"

"केळीच आहेत," आतून मराठीत आवाज आला. "मी काढल्यात. नारळ पाहिजे तर पुढचं पान उलटा की."

पडदा सारून जी बाई बाहेर आली ती चाळिशीची असावी. उंच, पदर कमरेला खोचलेला, बोटांच्या पेरांना कायमची चढलेली लाल शाई. मी ओशाळलो. तिनं मात्र अल्बम स्वतःकडे वळवून घेतला, केळींकडे बघितलं आणि म्हणाली, "स्वल्प नारळासारख्या आहेत खऱ्या. मालकांना घाई होती."

तिचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजांच्या मागोमाग कापड रंगवत, छापत इकडे आलेलं. घरात अजून मराठीच, पण दारात कन्नड उभीच असायची आणि बोलता बोलता आत यायची; 'जरा'च्या जागी 'स्वल्प', 'बरं'च्या जागी 'सरी'. आम्हा महाराष्ट्रातून आलेल्यांना ती 'कालची मंडळी' म्हणायची. मी सुरुवातीला तिला अहो-जाहो करत होतो. दुसऱ्याच भेटीत तिनं ते बंद पाडलं. "तुम्ही म्हटलंस की मला मालक आठवतात. अक्का म्हण आणि तू म्हण."

तर त्या दिवशी तिनं माझं हँडबिल वाचायला घेतलं. वाचलं, उलटं करून पाहिलं.

"याचं चिन्ह कुठंय?"

"चिन्ह नाहीये."

"नाही म्हणजे? गणपती नसलेली लग्नपत्रिका बघितलीस कधी? याला तोंडच नाही की."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, आम्ही कुणी काही घेत नाही, त्यामुळे चित्रकाराला द्यायलाही काही नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही पोरं नाही घेत, तर मी कशाला घेऊ? रविवारी घेऊन ये सगळ्यांना. प्रेस बंद असते. पण एक सांगून ठेवते. फुकट आहे म्हणून फाटकं चालणार नाही."

हे तिचं पालुपद झालं. फुकट आहे म्हणून फाटकं नको. खिडकीची चौकट एका ठिपक्याने वाकडी आली, की फाटकं. दोन निळ्या रंगांचं एकमेकांशी पटत नसलं, की फाटकं. आमचा प्रोग्राम उघडायला वेळ घ्यायचा तेही तिनं फाटक्यातच मोजलं आणि श्रीधरला तो वेळ कमी करायला लावला.

कॉम्प्युटरला तिनं शेवटपर्यंत हात लावला नाही. प्रोग्राममधली बटणांवरची चित्रं ठिपक्याठिपक्यांनी बनतात हे मी तिला श्रीधरच्या खोलीवर दाखवलं, तेव्हा ती पडद्याला नाक लावून बघत राहिली. "अय्यो, हा तर कशिदा! आमची आई टेबलक्लॉथवर असाच मोर भरायची." पुढच्या रविवारी ती आलेखाचे कागद घेऊन आली. एकेका चौकोनात स्केचपेनने रंग भरलेला. ते कागद बघून मी एकेक ठिपका पडद्यावर चढवायचा. चुकलो की माझ्या पाठीमागून आवाज यायचा, "टाका उसव."

ती हे का करत होती, ते तिनं एकदाच बोलून दाखवलं. प्रेसमध्ये चहा घेत बसलो होतो. समोर छापून झालेल्या पत्रिकांचे ढीग. त्यांच्याकडे बोट करून ती म्हणाली, "यातली एकही महिनाभर जगत नाही. लग्न लागलं की रद्दीत. मी काढलेल्या कलशात लोकांनी शेंगदाणे खाल्लेत, माझ्या डोळ्यांदेखत. तुमची ती पाटी टिकणार म्हणता ना? मग माझं एक तरी चित्र तिच्यावर राहू दे." बोलून झाल्यावर तिला वाटलं असावं, जरा जास्तच बोलले. लगेच श्रीधरवर ओरडली, की कप धुवून ठेव.

आणि गंमत अशी, की तिनं काढलेलं सगळ्यात गाजलेलं चित्र रद्दीचंच होतं. लिहिलेलं काढून टाकायच्या बटणावर तेव्हा सगळीकडे परदेशी पद्धतीचं झाकणाचं लोखंडी पिंप असायचं. अक्कानं विचारलं, हे काय आहे. कचऱ्याचा डबा, मी म्हटलं. "कागद कोण कचऱ्यात टाकतं?" असं म्हणून तिनं रद्दीवाल्याचा तराजू काढला. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात दोरीनं बांधलेला गठ्ठा. इवल्याशा जागेत तराजू कलता दिसत होता. आम्ही खूश झालो आणि आमच्या ई-मेलच्या यादीवर टाकला. त्या यादीवर देशोदेशींचे लोक होते. जर्मनीतल्या एकाने अतिशय नम्रपणे विचारलं, की काढून टाकलेल्या मजकुराचं वजन करण्यामागे काय हेतू आहे? मग आम्ही रद्दीवाला म्हणजे काय ते समजावलं. दुसरा म्हणाला, पण पिंपातून वस्तू परत काढता येते, तुमच्या रद्दीवाल्याकडून कशी येणार? हा मुद्दा श्रीधरलाही पटला. तो अक्काकडे गेला.

"का नाही येणार?" अक्का म्हणाली. "संध्याकाळच्या आत जाऊन मागितलं तर देतो. माझं रेशनकार्ड नाही का दिलं?"

श्रीधरने हे उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत करून यादीवर पाठवलं. वाद मिटला आणि तराजू राहिला.

मुख्य चिन्हाला मात्र तिनं खूप दिवस घेतले. विचारलं की म्हणायची, येत नाहीये. शेवटी एका रविवारी तिनं कागद भिंतीला टेकवला, आम्हा सगळ्यांना पाठ फिरवायला लावली आणि "आता" म्हणाली. आम्ही माना वळवल्या. लाकडी चौकटीची पाटी, किंचित कललेली, मांडीवर ठेवल्यासारखी. चौकटीच्या कोपऱ्याला भोक, भोकातून ओवलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक लहानशी चिंधी. पाटीवर अक्षर काहीच नाही.

"चिंधी कशाला?" आमच्यातल्या कुणीतरी विचारलं.

"पुसायला. पुसता येतं म्हणून तर पोर लिहायला घाबरत नाही. नाहीतर पहिलं अक्षर कोण काढेल रे?"

पुढे मी नोकरीत जाड जाड पुस्तकं वाचली, चर्चासत्रांना बसलो. सॉफ्टवेअर कुणासाठी आणि कसं असावं हे इतकं सोपं मला पुन्हा कुणी सांगितलं नाही.

त्या वर्षी शहरात कॉम्प्युटरचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथे आम्हाला कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं होतं. पाटीच्या सीडी वाटायच्या, वर अक्काचं चिन्ह छापलेलं जाड कागदाचं वेष्टण घालायचं, असा बेत. आणि इथे आमच्या हातून, म्हणजे श्रीधरच्या हातून, जे झालं ते फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकतं.

आमची रीत अशी, की काहीही केलं तरी ते सगळ्यांपुढे उघडं ठेवायचं. अक्काचं चित्रही यादीवर ठेवलं. प्रोग्राममध्ये पाच जणांनी पाच ठिकाणी सुधारणा पाठवल्या, तर त्या एकत्र करून सगळ्यांचं सगळं घ्यायचं. श्रीधरने चित्राचंही तेच केलं. एकाने पाटीला सावली पाठवली होती, ती घेतली. एकाने लाकडाची चौकट काढून चकाकत्या धातूची केली होती, ती घेतली. पाटी मोकळी दिसते म्हणून कुणी मधोमध पृथ्वीचा गोल घातला होता, तोही घेतला. कुणाला पाटी कललेली असणं ही चूक वाटली, त्यानं सरळ करून दिली होती. आणि एका भल्या माणसाने कळवलं होतं, की खाली उजव्या कोपऱ्यात एक डाग दिसतोय, तो मी पुसून टाकला आहे. श्रीधरने सगळ्यांचे आभार मानले आणि तयार झालेलं चित्र थेट छापखान्याच्या मालकांकडे देऊन आला. त्यात त्याला यत्किंचितही वावगं वाटलं नाही. उलट पाच देशांतल्या माणसांचं काम एका चित्रात उतरलं म्हणून स्वारी हवेत होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही वेष्टणं न्यायला गेलो. अक्का छापलेल्या गठ्ठ्यापाशी उभी होती. तिनं एक वेष्टण उचललं, भिंतीला टेकवलं, पाठ फिरवून दारापर्यंत गेली आणि मान वळवून बघितलं. मग परत आली.

"चिंधी कुठंय?"

श्रीधर चाचरत समजावू लागला. कोणी काय सुधारलं, का सुधारलं. शेवटी म्हणाला, "आता हे सगळ्यांचं झालंय, अक्का."

"सगळ्यांचं झालं, सरी," ती म्हणाली. "पण पुसायचं कशानं?"

मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. एक तरी चित्र राहू दे, एवढंच मागितलं होतं तिनं, आणि आम्ही ते तिच्याच छापखान्यात, तिच्याच यंत्रावर घालवलं होतं. पुन्हा छापायची सोय नव्हती. लग्नसराई होती, यंत्र सोमवारपासून भरलेलं आणि प्रदर्शनही सोमवारपासूनच. अक्का बाहेर निघून गेली. आम्हाला वाटलं, संपलं. आता ही बाई आपलं तोंड बघणार नाही. आणि बरोबरच होतं तिचं.

ती परत आली ती कापडाच्या कातरणांचं गाठोडं घेऊन. शेजारचा टेलर मागच्या दाराने उघडा असायचा, त्याच्याकडून आणलेलं. गाठोडं तिनं जमिनीवर ओतलं. पत्रिकांना भोक पाडायचं हातयंत्र काढलं, रेशमी गोंडे बांधायच्या दोऱ्याचं रीळ काढलं.

"बसा खाली," ती म्हणाली. "छापताना काढून टाकलीत ना? आता बांधा."

आम्ही बसलो. वेष्टणाच्या कोपऱ्याला भोक पाडायचं, दोरा ओवायचा, टोकाला खरीखुरी चिंधी बांधायची. गोंड्याची गाठ तिनं शिकवली. श्रीधरला ती येईना. त्याने बांधलेली चिंधी उचलली की गळून पडायची, आणि दर वेळी अक्का त्याच्याकडे बघून म्हणायची, "फाटकं." दुपारी मालक डोकावले, सहा जणांना गोंडे बांधताना बघून त्यांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे? "पाटीचं," अक्का म्हणाली. जेवायला तिनं घरून चित्रान्नाचा डबा मागवला. लिंबाच्या त्या पिवळ्या भाताचे डाग काही चिंध्यांना लागले. मला आयुष्यातला एखादा दिवस परत मागून घ्यायची मुभा मिळाली, तर मी तो रविवार मागेन.

प्रदर्शनात मोठमोठ्या कंपन्यांचे झगमगाटी स्टॉल होते. आमचं टेबल पार शेवटी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. पण येणारा-जाणारा थांबायचा तो चिंध्या बघून. कुणी सीडी काढून चिंधीने पुसून बघायचा. एका आजोबांनी आधी चष्मा पुसला आणि मग विचारलं, यात आहे काय? एक शिक्षिका वेष्टण हातात धरून हसत म्हणाली, "बळप एल्लि?" खडू कुठंय? श्रीधरने तिला बसवून कन्नडमध्ये तिचं नाव टाइप करून दाखवलं. ती गेली आणि शाळेतल्या बाकीच्या बायकांना घेऊन आली. धातूची चौकट, पृथ्वीचा गोल यांच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

अक्का दुपारी आली. टेबलापाशी आलीच नाही. समोरच्या स्टॉलकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग तिनं मान वळवली, एकदाच, आणि तिथूनच म्हणाली, "आलं." दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर गोंधळतील या भीतीने जगभर कॉम्प्युटरवाल्यांची मागणी वाढलेले ते दिवस, मला त्यात परदेशी नोकरीचं पत्र आलं होतं. पण त्या "आलं"ने झालेला आनंद त्या पत्राने झाला नव्हता.

पुढचं वर्ष आमच्या विखुरण्यात गेलं. दोघं अमेरिकेला गेले, माझं जायचं ठरलं. पाटी मात्र वाढली, तिच्यावर आता दूरदूरचे लोक काम करू लागले. चिंधी काही तारेतून पाठवता येत नाही. यादीवर नव्या चिन्हासाठी मतदान झालं. आम्ही अक्काच्या मूळ चित्राच्या बाजूने भांडलो, पण आम्ही थोडे होतो. एक गोल, चकचकीत चिन्ह निवडून आलं. तराजू जाऊन लोखंडी पिंपही परत आलं. त्याच सुमारास छापखान्यात कॉम्प्युटर आला, त्याच्यात कलश, केळी, सनया आयत्या होत्या. आणि त्याच पावसाळ्यात अक्काचे वडील गेले. भाऊ हुबळीला होता, तो म्हणाला, एकटी कशाला राहतेस, इकडे ये.

यशवंतपूर स्टेशनवर तिला सोडायला आम्ही उरलेले तिघे गेलो होतो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि आलेखाच्या कागदांची सुरळी. नव्या चिन्हाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी लागल्यावर श्रीधरला राहवलं नाही. त्यानं खाली मान घालून सांगून टाकलं, की अक्का, तुझं चित्र काढून टाकलं.

तिला लागलं होतं, ते दिसत होतं. मग तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"पाटीच ती," ती म्हणाली. "पुसली नाही तर पुढचा कुठं लिहिणार? पण आता जे काढलंय ते फाटकं नाही ना? बघितलंस नीट?"

"नाही, अक्का. फाटकं नाही."

"सरी मग."

त्यानंतर ती मला भेटली नाही. हुबळीच्या पत्त्यावर मी परदेशातून पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, पुढे भावाने घर बदललं आणि माग राहिला नाही. मला तिची आठवण येते, फार येते. रद्दीवाला दारावरून ओरडत जातो तेव्हा येते, कुणी लग्नाची पत्रिका हातात ठेवली की येते. तो पत्रिकेवरचा कलश मी अजून फेकू शकत नाही.

त्या दिवशी स्टेशनवर शिट्टी झाली. अक्का आमच्याकडे पाठ करून डब्याकडे चालू लागली. आम्हा तिघांना एकदमच कळलं, आता काय होणार ते. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण श्रीधरने शर्ट खोचला, मी हातातली पिशवी मागे लपवली आणि आम्ही ओळीने ताठ उभे राहिलो. दाराच्या दांडीला धरून ती पायरीवर चढली आणि एकदम मान वळवून आमच्याकडे बघितलं. मग आत वळली. गाडी हलली.

आणि मग ती पुन्हा दारात आली, आणि तिनं दुसऱ्यांदा बघितलं.